कापड कुठे वाळतं?

आजीच्या पिढीत कुणी सॅनिटरी पॅड पाहिलं नव्हतं. जुन्या नऊवारीचं मऊ पडलेलं कापड फाडायचं, घड्या घालायच्या, वापरायचं, धुवायचं आणि पुढच्या महिन्यासाठी ठेवून द्यायचं. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत हेच चालत होतं. त्यामुळे बायका सरसकट आजारी पडल्या, अशी आठवण कुठल्याच घरात कुणी सांगत नाही. मग भामरागडच्या टोल्यावरची किंवा धडगावच्या पाड्यावरची बाई आज तेच करते, तर आरोग्य खात्याला त्याची काळजी का वाटावी?

या कोड्याला जोडून दुसरंही एक आहे. दुर्गम गावांत पॅडची पाकिटं वाटली जातात. वाटपाच्या दिवशी फोटो निघतात, बातमी येते. काही महिन्यांनी पाहावं तर बहुतेक बायका पुन्हा कापडावर आलेल्या असतात. पॅड चांगलं, बाईला ते नको असतं असंही नाही, तरी ते टिकत नाही. अडतं कुठे?

दोन्ही कोड्यांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. बाई काय वापरते याचीच चर्चा होते. ते बदलायला आडोसा आहे का, धुवायला पाणी आहे का, वाळवायला ऊन आहे का, हे सहसा कुणी विचारत नाही.

आठवण नाही, कारण विचारलं नाही

आधी आजीबद्दलचा समज तपासून पाहू. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी 1989 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तपासलेल्या स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा किंवा पाळीचा एखादा तरी आजार होता. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त 8 टक्के.

ही दोन गावं काही जंगलाच्या पोटात दडलेली नव्हती आणि या सगळ्या आजारांचं खापर पाळीतल्या कापडावर फोडता येणार नाही. बाळंतपणं, लैंगिक संबंधातून होणारे संसर्ग, कुपोषण अशी अनेक कारणं त्यामागे होती. पण त्या अभ्यासाने एक गोष्ट कायमची दाखवून दिली. बाई कुरकुरत नाही याचा अर्थ ती बरी आहे असा होत नाही. अंगावरून पांढरं जाणं, खाज, लघवीची आग, कंबरदुखी हे बाईपणाचे भोग म्हणून मुकाट सोसले जात होते. आजीच्या बाबतीतही बहुधा तसंच असणार. तिला विचारायला कुणी गेलं नव्हतं एवढंच.

शरीराचं विरजण

आता थोडं शरीराच्या आत डोकावू. निरोगी योनीमार्गात जिवाणूंची एक वस्ती कायम नांदत असते. त्यांतले प्रमुख म्हणजे लॅक्टोबॅसिलस, दह्यातल्या जिवाणूंचेच भाऊबंद. दुधाला विरजण लागलं की ते आंबट होतं आणि त्या आंबटपणामुळे नासवणाऱ्या इतर जंतूंना तिथे सहजासहजी थारा मिळत नाही. योनीमार्गातही तेच घडतं. तिथल्या पेशींमध्ये साठलेल्या साखरेसारख्या पदार्थापासून हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्लता मोजण्याच्या मापावर, म्हणजे पीएचवर, तिथला आकडा साधारण 3.8 ते 4.5 येतो. हा आकडा जितका लहान तितका आंबटपणा जास्त. घातक जंतूंना असला आंबट परिसर मानवत नाही.

रक्ताचा पीएच 7.4 च्या आसपास असतो, म्हणजे ते आंबट मुळीच नसतं. पाळीच्या दिवसांत रक्त वाहू लागलं की योनीमार्गाचा आंबटपणा काही काळ कमी होतो आणि पहारा ढिला पडतो. यात आजार असा काही नाही. पाळी संपली की दोन-चार दिवसांत शरीर घडी पुन्हा बसवतं.

या ढिल्या पहाऱ्याच्या दिवसांत बाहेरून काय येतं, हा खरा प्रश्न आहे. कापडाच्या विणीत रक्तातली प्रथिनं अडकून राहिली, कापड नीट धुतलं गेलं नाही आणि ओलंच घडी करून ठेवलं, तर जंतूंना आणि बुरशीला खायला, प्यायला आणि राहायला आयती सोय होते. तेच कापड पुढच्या वेळी अंगाला लागतं. ओलाव्याने तिथली त्वचा आधीच मऊ पडलेली असते. चालताना जाडसर घडी घासते, मांड्या सोलवटतात आणि अशा त्वचेतून संसर्गाला वाट मिळते.

ओडिशात झालेल्या दोन अभ्यासांनी हे चित्र बरंच स्पष्ट केलं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात रुग्णालयांत आलेल्या 486 स्त्रिया होत्या. पुन्हा पुन्हा कापड वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये योनीमार्गाचे आणि मूत्रमार्गाचे संसर्ग अधिक आढळले. 2018 मधला दुसरा अभ्यास 558 स्त्रियांचा. त्यात आणखी एक बारकावा पुढे आला. कापड घराच्या आत वाळवणाऱ्या स्त्रियांमध्ये कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग अधिक होता. म्हणजे कापड वापरलं की नाही एवढं विचारून भागत नाही. ते कुठे वाळलं हेही विचारावं लागतं.

उन्हाची दोरी कुणाची?

कोरडेपणा आणि ऊन हे जंतूंचे जुने वैरी. पाण्यावाचून जंतू वाढत नाहीत आणि सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्यांच्या पेशींची मोडतोड करतात. नीट धुतलेलं सुती कापड कडक उन्हात खडखडीत वाळलं तर ते बरंच निर्धोक होतं. यासाठी पैसा लागत नाही. तरीही दुर्गम गावात नेमकं हेच जमत नाही.

सुरुवात पाण्यापासून करू. दिवसातून तीन वेळा कापड बदललं तर तीन वेळा धुणं आलं. आधी गार पाण्यात खळबळायचं, कारण गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं धाग्याला घट्ट चिकटून बसतात. मग साबण लावायचा आणि पाणी निवळ येईपर्यंत पिळायचं. एका धुण्याला बादलीभर पाणी सहज लागतं. सातपुड्यात अक्कलकुवा-धडगावकडे उन्हाळ्यात झऱ्याच्या तळाशी साचलेलं पाणी वाटीवाटीने भरावं लागतं. तिथे डोक्यावरून आणलेला हंडा आधी पिण्याला जातो, मग स्वयंपाकाला, मग गुरांना. बाईच्या कापडाची पाळी शेवटी येते, आणि कधी येतही नाही.

पाणी आहे तिथे आडोसा नाही. हातपंप गावाच्या मधोमध, नदीवर पोरंटोरं आणि गुराखी. मग धुण्याची वेळ ठरते ती पहाटेच्या किंवा रात्रीच्या अंधारात. अंधारात डाग निघाला की नाही ते दिसत नाही. साबण घासायला वेळ नसतो, कारण कुणी येईल ही धास्ती.

पुढे वाळवणं. घरची सगळी धुणी अंगणातल्या दोरीवर उन्हात पडतात, हे एक कापड सोडून. ते पुरुषाच्या दृष्टीला पडू नये, कुणी त्यावर करणी करू नये, सापाने ते ओलांडू नये, अशा समजुती ठिकठिकाणी आढळतात. म्हणून ते छपराच्या वाशाला, कणगीमागे, दुसऱ्या लुगड्याच्या आत किंवा गवताच्या भाऱ्याखाली जातं. गडचिरोलीतल्या पावसाळ्यात तर कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. तेव्हा उरते चुलीवरची जागा. तिथे धुराने कापड वाळतं, पण कडक होतं आणि अंगाला टोचतं.

याच पावसाळ्यात धानाची रोवणी असते. पोटरीभर चिखलात, वाकून, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. बांधापलीकडे आडोसा नाही, कापड बदलायला जागा नाही, हात धुवायला चिखलाचंच पाणी. सकाळी बांधलेलं कापड संध्याकाळपर्यंत तेच राहतं. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला आणि तेंदूपानं तोडायला पहाटे जंगलात जावं लागतं, तिथेही तीच गत. रोजगाराचे दिवस मोजके असतात, पाळी आली म्हणून ते सोडता येत नाहीत. शहरातल्या स्वच्छतागृहांवर जेवढं लिहिलं-बोललं जातं, त्याचा दहावा हिस्साही रोवणीच्या बांधीवर लिहिलं जात नाही.

चौकट : कापड वापरायचंच असेल तर

• सुती, मऊ, फिक्या रंगाचं कापड घ्यावं. डाग निघाला की नाही ते दिसतं. सिंथेटिक साडीचं कापड रक्त शोषत नाही आणि घासतं.
• चार ते सहा तासांनी बदलावं, जास्त जात असेल तर त्याआधीच.
• आधी गार पाणी, मग साबण, पाणी निवळ येईपर्यंत पिळणं.
• थेट उन्हात वाळवावं. लाज वाटत असेल तर वर पातळ, विरळ विणीचं कापड टाकावं. जाड लुगड्याखाली ऊन पोचत नाही.
• पावसाळ्यात वापरण्याआधी उकळून घ्यावं किंवा कडक इस्त्री फिरवावी.
• पूर्ण कोरडं झाल्यावरच स्वच्छ पिशवीत ठेवावं. काही महिन्यांनी कापड बदलून टाकावं.
• वास येणारं किंवा रंग बदललेलं पांढरं पाणी, खाज, लघवीची आग, ओटीपोटात दुखणं यांपैकी काहीही असेल तर आशाताईला किंवा नर्सबाईंना सांगावं.

पॅड पोचलं, चिकटवायचं कशाला?

आता दुसरं कोडं. सरकारी पातळीवर प्रयत्न झालेच नाहीत असं म्हणता येणार नाही. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 2011 मध्ये ग्रामीण मुलींसाठी योजना आणली. आशाताईंनी सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांना द्यायचं होतं. राज्यात 8 मार्च 2018 रोजी ‘अस्मिता’ योजना सुरू झाली आणि जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत मिळू लागलं. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा 12 टक्के जीएसटी उठला. जनऔषधी केंद्रांत ऑगस्ट 2019 पासून एक पॅड एका रुपयाला मिळतं.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 24 वयाच्या ज्या मुली-स्त्रिया पॅड, कप यांसारखी स्वच्छ मानली जाणारी साधनं वापरतात, त्यांचं प्रमाण 2015-16 मध्ये सुमारे 58 टक्के होतं. 2019-21 मध्ये ते 77 टक्क्यांवर गेलं. शहरात 89, ग्रामीण भागात 72. प्रगती खरीच आहे. पण या आकड्यात पंचविशीपुढची बाई नाही. रोवणीत आणि तेंदूपानांच्या तोडणीत सगळ्यात जास्त राबणारी नेमकी तीच.

शिवाय सरासरीत दुर्गम टोला बुडून जातो. जनऔषधी केंद्र तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. गडचिरोलीतला भामरागड तालुका जिल्ह्याच्या ठिकाणापासून दीडशे किलोमीटरहून दूर. पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचं गावच तुटतं, मग आतल्या टोल्यांची काय कथा. पुरवठा दोन महिने आला आणि तिसऱ्या महिन्यात तुटला, की बाई मुकाट जुन्या कापडाकडे वळते. एकदा वळली की पुन्हा विश्वास ठेवत नाही, आणि तिचं बरोबर आहे. पाळी दर महिन्याला येते, ट्रक येईलच असं नाही.

आणि एक गोष्ट वाटप करणाऱ्यांच्या ध्यानात बरेचदा येत नाही. पॅडच्या मागे गोंदाची पट्टी असते. ती चिकटवायला आत निकर लागते. कितीतरी वयस्क आदिवासी बायका निकर वापरतच नाहीत. त्या कमरेला दोरी बांधून तिच्यात कापडाची लांब घडी मागून-पुढून अडकवतात. त्यांच्यासाठी फुकट मिळालेलं पॅडसुद्धा निरुपयोगी. ज्या वापरतात त्यांच्याकडे एक किंवा दोन निकर असतात आणि पाळीत त्याही धुवायच्या, लपवायच्या, वाळवायच्या. म्हणजे पाणी, आडोसा आणि ऊन हे तिन्ही प्रश्न पॅडसोबत पुन्हा दारात हजर.

वापरलेल्या पॅडचं काय करायचं, हा त्यापुढचा पेच. शहरात कचरागाडी येते, टोल्यावर येत नाही. पॅडमध्ये लाकडाचा लगदा असतो, रक्ताची जेल बनवणारी शोषक पावडर असते आणि खाली प्लास्टिकचा थर. हे प्लास्टिक शेकडो वर्षं कुजत नाही. चुलीत जाळलं तर अर्धवट जळून विषारी धूर होतो. ते नीट जाळायला 800 अंशांहून अधिक तापमान लागतं. शिवाय रक्ताचं कापड जाळलं तर मूल होत नाही, ही भीती अनेक ठिकाणी आहे. पुरलं तर कुत्री उकरतात, ओढ्यात टाकलं तर खालच्या गावाला जातं. कापडाचं एक तरी बरं, जुनं झालं की मातीत मिसळून जातं.

कुर्माघर

गडचिरोलीतल्या गोंड आणि माडिया गावांत या सगळ्याला आणखी एक बाजू आहे. गावाच्या कडेला, जंगलाच्या तोंडाशी एक लहानशी झोपडी असते. तिला कुर्माघर म्हणतात, काही भागांत गावकोर. पाळीचे चार-पाच दिवस बाईने तिथे राहायचं. गावच्या विहिरीवर पाणी भरायचं नाही, स्वयंपाक करायचा नाही. जेवण आणि पाणी घरची दुसरी बाई आणून देते. पुरुषाचा स्पर्श झाला तर त्याने लगेच आंघोळ करायची.

झोपडी कुणा एकाची नसते, म्हणून तिच्या डागडुजीचीही जबाबदारी कुणाची नसते. कुडाच्या भिंती, गवताचं किंवा कौलांचं छप्पर, मातीची जमीन, दार असलं तर असलं. आत वीज नाही, न्हाणी नाही, संडास नाही. पावसाळ्यात छप्पर गळतं आणि ओल्या जमिनीवर चटई टाकून झोपावं लागतं. बाई कापड बदलणार कुठे, धुणार कशाने? शरीराला सगळ्यात जास्त स्वच्छता हवी असते त्याच दिवसांत तिचं पाणी तोडलं जातं. बीबीसीने 2021 मध्ये दिलेल्या वृत्तात, कुर्माघरात असताना साप चावून मेलेल्या, अस्वलाने ओढून नेलेल्या आणि तापात गेलेल्या बायकांचे उल्लेख आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2015 मध्ये राज्य सरकारला ही प्रथा बंद करायला सांगितलं होतं. ती बंद झालेली नाही.

नेपाळच्या पश्चिम भागात अशाच रीतीला ‘छाउपडी’ म्हणतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये तिच्यावर बंदी घातली. 2017 मध्ये संसदेने बाईला असं बाहेर राहायला भाग पाडणाऱ्याला तीन महिने कैद किंवा तीन हजार रुपये दंड असा कायदाही केला. त्यानंतरही झोपड्या उभ्याच राहिल्या, काही पाडलेल्या पुन्हा बांधल्या गेल्या.

असं वाचलं की शहरी वाचकाला आदिवासींच्या मागासलेपणाची कीव येते. ती त्याने जरा आवरावी. ‘कावळा शिवला’ म्हणून कोपऱ्यात बसवणारी, लोणच्याच्या बरणीला हात लावू न देणारी घरं पुण्या-मुंबईत आजही आहेत. फरक एवढाच की त्या कोपऱ्याला सिमेंटची भिंत आणि शेजारी नळ आहे. विटाळाचा विचार सारखाच, त्यामुळे होणारी इजा मात्र बाईच्या भोवती काय आहे त्यावर ठरते.

काही बायका कुर्माघराबद्दल वेगळंही बोलतात. तिथे लाकडं फोडावी लागत नाहीत, पाण्याचे हंडे नाहीत, दारू पिऊन आलेला नवरा नाही. दोघी-तिघी एकाच वेळी असल्या तर गप्पा होतात. वर्षभरात हक्काची विश्रांती मिळते ती एवढीच. प्रथा मोडायला निघालेल्याने त्या विश्रांतीचंही उत्तर द्यायला हवं, नाहीतर झोपडी गेली आणि हंडा परत डोक्यावर आला, एवढाच बदल व्हायचा.

धानोरा तालुक्यातल्या टुकूम गावात खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशन या मुंबईच्या संस्थेने वेगळा मार्ग काढला. वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांच्या भिंतींचं नवं घर तिने बांधलं. आत आठ खाटा, संडास-न्हाणी, नळाचं पाणी आणि सौर दिवे. खर्च साडेसहा लाख रुपये. बायकांना ते आवडलं. टीकाकारांचं म्हणणं, असं पक्कं घर बांधून आपण प्रथेलाच पक्कं करतोय. आक्षेप बिनतोड आहे, तरी जी बाई आज रात्री ओल्या जमिनीवर झोपणार आहे तिला तो ऐकवणं अवघड आहे. समाजाचं मन वळायला वीस वर्षं लागली तर त्या वीस वर्षांतल्या पावसाळ्यांचं काय, याला टीकाकारांकडे उत्तर नाही.

रक्ताचा हिशेब

एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे अर्ध्या कटिंग चहाएवढं. प्रत्येक दोन मिलिलिटर रक्तामागे सुमारे एक मिलिग्रॅम लोह जातं. पोटभर आणि चौरस खाणारी बाई महिन्याभरात ते भरून काढते. भात, अंबील आणि मिळाली तर रानभाजी यांवर राहणारीला ते पुरं पडत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. अनुसूचित जमातींमध्ये हे प्रमाण 65 टक्क्यांच्या जवळ होतं. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या पट्ट्यांत सिकलसेलचा आनुवंशिक आजारही आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि लवकर मरतात. अशा शरीराला संसर्गाशी झुंजायला बळ कमी पडतं. ज्या संसर्गातून दुसरी बाई आठवड्यात उठेल, तो हिच्या अंगात मुरतो.

आश्रमशाळेतली मुलगी

पहिल्या पाळीच्या वेळी रक्त पाहून आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असं वाटलेल्या मुली कमी नाहीत. भारतातल्या 138 अभ्यासांचा, म्हणजे सुमारे 97 हजार मुलींच्या माहितीचा एकत्र आढावा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. पाळी येण्याआधी तिच्याबद्दल माहिती असलेल्या मुली निम्म्याहून थोड्या कमीच निघाल्या. जवळजवळ चौथा हिस्सा मुली पाळीच्या दिवसांत शाळेत जात नव्हत्या.

दुर्गम भागातली मुलगी बहुतेकदा आश्रमशाळेत राहून शिकते. आई पन्नास किलोमीटरवर. घरी माडिया किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलीला मराठीतल्या पुस्तकातली आकृती दाखवून पाळी समजावली जाते. मुलगी मान डोलावते. शंका विचारायची तर कोणत्या शब्दांत? आणि विचारायची कुणाला, सर गणिताचे आणि अधीक्षक पुरुष असले तर? ज्या शाळेत एखादी ताई तिच्या बोलीतली आहे, किंवा वरच्या वर्गातल्या मुली धाकट्यांना सांगतात, तिथे ही गाठ पुष्कळ सैल होते. बाकी गरजा साध्या आहेत: कडी लागणारं न्हाणीघर, आत पाण्याची बादली आणि मुलींच्या बाजूला ऊन येईल अशी वाळत घालायची जागा. पॅड जाळायचं यंत्र बसवून उद्घाटन झालेल्या शाळा पुष्कळ. त्या यंत्राला वीज लागते, हे पहिल्या भारनियमनाला लक्षात येतं.

काय चालतं, कुठे चालतं

एकच साधन सगळीकडे चालवायचा हट्ट सोडला तर वाटा दिसू लागतात. गावातल्याच बचत गटाने शिवलेलं, शोषक थर असलेलं आणि दोरीला बांधता येणारं कापडी पॅड निकर नसलेल्या बाईलाही चालतं, आणि पुराने रस्ता तुटला तरी पुरवठा तुटत नाही. ‘गूंज’ संस्थेने शहरात गोळा झालेल्या जुन्या सुती कपड्यांपासून अशा पट्ट्या करून देशभर पोचवल्या.

सिलिकॉनचा कप हे आणखी एक साधन. योनीमार्गात बसवायची लवचिक वाटी. तिच्यात 25-30 मिलिलिटर रक्त मावतं, ती आठ-बारा तास चालते आणि नीट वापरली तर दहा वर्षं टिकते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 43 अभ्यासांच्या आढाव्यात ती सुरक्षित आणि गळतीच्या बाबतीत पॅडइतकीच भरवशाची ठरली. केरळात आलप्पुळा नगरपालिकेने त्याच वर्षी पाच हजार कप वाटले. कपाला निकर लागत नाही, ऊन लागत नाही, कचराही होत नाही. रोवणीत दिवसभर उभ्या असलेल्या बाईसाठी यापेक्षा सोयीचं काही सुचत नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. तो आत बसवायला हात स्वच्छ हवेत आणि मनाची तयारी हवी, त्यासाठी शिकवणारी ताई दोन-तीन पाळ्या सोबत राहायला हवी. दुसरं, महिन्याला एकदा तो उकळायचा, तर त्यासाठी वेगळं भांडं घरात मान्य व्हावं लागतं.

साधन कुठलंही निवडलं तरी हातपंपाशेजारच्या आडोशावाचून निभत नाही. चार खांब, तिन्ही बाजूंनी आडभिंत, खाली फरशी, सांडपाण्याचा खड्डा आणि आत एक तार, जिच्यावर वरून ऊन पडेल. हे काम लाखांच्या घरातलं नाही. आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना पेसा कायद्याच्या अंमलबजावणीसाठी आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी मिळतो. गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात, त्यांच्या हातात स्वतःचा पैसा आहे. तो रस्त्यावर, समाजमंदिरावर, शेडवर खर्च होतो, कारण सभेत बोलणारे पुरुष असतात आणि हा विषय त्यांच्यासमोर काढायचा कसा, हे बायकांना सुचत नाही.

महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात त्याला एक वाट आहे. नियमित ग्रामसभेआधी फक्त बायकांची महिला सभा घ्यावी लागते आणि तिच्यातले विषय ग्रामसभेपुढे येतात. बऱ्याच गावांत ही सभा सह्यांपुरती होते. ती खरोखर भरली, तर ठरावात ‘हातपंपाजवळ बायकांसाठी न्हाणी’ एवढं लिहिलं तरी काम भागतं. ती कशासाठी हवी, हे पुरुषांच्या सभेत फोड करून सांगायलाच हवं असा नियम काही त्या कायद्यात नाही.